सदरकाराचा बडग्या काढायचा काय?

*काकाजी, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय 31. घरची सहा एकर शेती, जोडीला ट्रॅक्टरचं काम. आमच्या गावात फुटबॉलची टीम आहे. पहिले मी खेळत होतो, गुडघा गेला तेव्हापासून बाहेरचं सगळं मीच पाहतो. पोट्ट्यांची ने-आण, बूट, फक्की, रेफ्रीचं जेवण, सगळं. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात एक जण दर शुक्रवारी खेळावर सदर लिहितो. बारा महिने नुसती बोंब. आमच्या टीमबद्दल आजवर एक वाक्य चांगलं लिहिलं नाही. मैदानावर कधी पाय ठेवत नाही, बस स्टँडवरच्या पानठेल्यावर बसून ऐकीव लिहितो. "गोलपोस्ट बुटके", "रेफ्री विकला गेला", "हा आपल्या मातीतला खेळच नव्हे". मागच्या महिन्यात तर आमच्या 16 वर्षांच्या गोलकीचं नाव टाकून लिहिलं, "हा गोलकी आहे का ढोली?" ढोली म्हणजे धान्याची कणगी. ते कात्रण मी टीमच्या ग्रुपवर टाकलं, सगळे जाम भडकले. पोरगा मात्र त्या दिवसापासून मैदानावर आला नाही.*

*आता आम्ही ठरवलं आहे. 1982 च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या टीमनं पेपरवाल्यांशी बोलणं बंद केलं होतं, तसं करायचं. गावात तो पेपर घेणं बंद करायचं. अन् येत्या तान्ह्या पोळ्याला मारबतीसोबत त्याचा बडग्या, म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, काढायचा. बांबू आणून ठेवले आहेत. बायको म्हणते, जेवताना त्या माणसाचं नाव घेतलं तर ताट उचलते. आमचं चुकतं काय? पाच कात्रणांचे फोटो सोबत पाठवतो.*

*— एक त्रासलेला फुटबॉलवाला*

तू मला काकाजी म्हटलंस, तर मीही तुला तूच म्हणतो. तुझं पत्र लांब होतं, वर थोडक्यात दिलं आहे.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या पत्रापेक्षा त्या कात्रणांनी जास्त वेळ खाल्ला. फोटो तिरपे आहेत, एकावर चहाचा डाग आहे, पण वाचता आले. दोन-दोनदा वाचले. अन् त्यातून जे दिसलं ते तुला आवडणार नाही.

तिसरं कात्रण काढ. खालून दुसऱ्या परिच्छेदात तो लिहितो की हाफ टाइमला कापलेली लिंबं यजमानांतच संपली, पाहुण्या पोरांना नुसतं पाणी मिळालं. चौथं काढ. तुमचा उजवा बॅक शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून खेळत होता अन् त्यातल्या एकाला लेसच्या जागी सुतळी होती, असं त्यात आहे. सुतळी, बापू! गोल किती झाले हे पानठेल्यावर बसून कळतं. सुतळी दिसायला फक्कीच्या रेषेपाशी उभं राहावं लागतं. म्हणजे हा माणूस येतो. कुठल्या तरी बोरीच्या आडोशाला उभा राहतो, कोणी त्याला ओळखत नाही, कोणी चहाचं विचारत नाही, अन् शेवटची शिटी व्हायच्या आत तो गाडीला किक मारून निघून जातो.

मला हे ओळखू आलं, कारण मीही अशाच आडोशाला उभा राहिलेलो आहे. 19 वर्षं मी एका पेपरचा तालुका वार्ताहर होतो. बातमी कागदावर लिहायची, लिफाफ्यात घालायची, संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, नागपूरच्या स्टँडवरून ऑफिसचा माणूस ती उचलायचा. मानधन इतकं की पेट्रोलही निघत नसे. खरी कमाई दिवाळी अंकाच्या अन् वाढदिवसाच्या जाहिरातींवरच्या कमिशनची. त्यात आठवड्याला एक खेळाचा मजकूर मागत. आता यातली आतली गोष्ट सांगतो. कौतुक लिहायला तपशील लागतो. पास कोणी दिला, गोल कोणत्या पायानं झाला, पोरगा कोणाचा, नावाची वेलांटी ऱ्हस्व का दीर्घ. नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा काका दारात. नावं ठेवायला यातलं काहीच लागत नाही. "ढिसाळ नियोजन, सुमार खेळ, उदासीन प्रशासन" या शब्दांच्या तीन जोड्या खिशात ठेवल्या की कोणत्याही गावाच्या कोणत्याही सामन्याला फिट. शिवाय एका गावाची तारीफ केली की शेजारच्या गावाला मिरची लागते. सगळ्यांना सारखं झोडपलं की माणूस निःपक्षपाती ठरतो. मी कित्येक शुक्रवार असे काढले आहेत.

मग एकदा एका टायब्रेकरमध्ये एका पोरानं शेवटची पेनल्टी बाहेर मारली. बॉल थेट तुरीच्या वावरात गेला. मी त्याचं नाव-गाव टाकून त्याच्यावर चार ओळी लिहिल्या, चांगल्या जमल्या म्हणून खूशही झालो. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याचा बाप भेटला. भांडला नाही. म्हणाला, "तुमी लिवलं ते खरंच हाय, बॉल बाहीरच गेला. पन त्याचं नाव कायले टाकलं जी?" मी काहीतरी बोललो, आता आठवत नाही. त्याचा प्रश्न मात्र आठवतो. त्यानंतर टीमला झोडपलं, आयोजकाला झोडपलं, क्रीडा संकुलाच्या रखडलेल्या कामावर तर मन भरून लिहिलं. शाळकरी पोराचं नाव त्याच्या चुकीसोबत पुन्हा छापलं नाही.

म्हणून तुझ्या पाच कात्रणांपैकी माझ्या लेखी एकच खरं वाईट आहे, ढोलीवालं. बाकी चारांत तिखट आहे, आगाऊपणा आहे, एक ठार चूक आहे, पण तो वृत्तपत्राचा रोजचा धंदा आहे. 16 वर्षांच्या पोराच्या अंगावरून नाव घेऊन टिंगल करणं हे त्यात बसत नाही. त्यावर गप्प बसू नको.

पण राजा, ते कात्रण त्याच्यापर्यंत नेलं कोणी? तुमच्या गावात तो पेपर किती घरांत येतो? ग्रामपंचायतीत एक, दवाखान्यात एक, दोन-चार मास्तरांकडे. पोरानं ते बहुतेक पाहिलंही नसतं. तू ते ग्रुपवर टाकलंस. तुला राग दाखवायचा होता. त्या ग्रुपमध्ये त्याच्या वर्गातली पोरं आहेत, अन् दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला कोणत्या नावानं हाक मारली असेल हे तुला सांगायला नको. सदरकारानं एकदा लिहिलं, तू ते गावभर वाटलंस. आधी ते ग्रुपवरून काढ.

मग त्याच्या घरी जा. एकटा जा, दहा जणांची फौज नेऊ नको. कात्रणाचं नाव काढू नको, "तू मनावर घेऊ नको" हे तर अजिबात म्हणू नको, त्यानं ते आणखी मनावर बसतं. टीमचा बॉल अन् पंप सोबत ने अन् म्हण, माझ्याकडे उंदीर ब्लॅडर कुरतडतात, आजपासून हे तुझ्याकडे ठेव, रोज पाचला घेऊन येत जा. ज्याच्या घरी बॉल आहे त्याला घरी बसता येत नाही. 20 पोट्टे दारात येऊन हाका मारतात. मास्तर लोक हे औषध फार जुन्या काळापासून वापरतात.

संपादकाला पत्र लिहायचं ते याच एका गोष्टीवर. तारीख, पान, ओळ जशीच्या तशी, खेळाडूचं वय, अन् मागणी एकच: अल्पवयीन खेळाडूच्या शरीरावर नावानिशी शेरेबाजी छापू नये. सही तुझी अन् त्याच्या वडिलांची, वडिलांना विचारून. बस. "आमच्या भावना दुखावल्या" नको, "तीव्र आंदोलन छेडू" नको. संपादकानं दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते; तिथंही पहिला प्रश्न हाच विचारतात की आधी संपादकाला लेखी कळवलं होतं काय. कौन्सिल कोणाला तुरुंगात टाकत नाही, ठपका ठेवते. पण माझा अनुभव सांगतो, नीट लिहिलेलं एक पानी पत्र जिल्हा कार्यालयात पोचलं की सहसा तिथंच काम होतं. जिल्हा कार्यालयं शिव्यांना सरावलेली असतात, मुद्द्याच्या पत्राला नाही.

आता त्या ठार चुकीकडे येऊ, कारण ती वाचून मला हसू आलं. दुसऱ्या कात्रणात तो लिहितो की तुमच्या पोरानं थ्रो-इनवर, म्हणजे रेषेबाहेर गेलेला बॉल हातानं आत फेकला तेव्हा, ऑफसाइड राहून, म्हणजे समोरच्यांच्या बचावफळीच्या पुढे उभं राहून, गोल केला, तरी रेफ्रीनं शिटी मारली नाही, म्हणजे रेफ्री विकला गेला. तू पत्रात यावर काय लिहितोस? "आमचा रेफ्री देवमाणूस आहे." अरे, देवमाणसाचा काय संबंध! थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड होतच नाही. फुटबॉलच्या नियमांतला अकरावा नियम आहे. थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर, या तिन्हींवर ऑफसाइड नाही. रेफ्री बरोबर होता, लिहिणारा चुकला, अन् त्या चुकीवर त्यानं एका माणसावर पैसे खाल्ल्याचा आरोप ठेवला. हे तीन वाक्यांत लिहून पाठव अन् "दुरुस्ती छापावी" म्हण. त्याला चिमटा काढायचा मोह होईल, आवर. या दुरुस्तीनंतर तो माणूस तुमच्याबद्दल लिहिताना दोनदा विचार करेल. आज तुम्ही त्याला पेपर जाळणारे पोट्टे वाटता; नियम माहीत असणारा वाचक असला की लिहिणारा आपोआप सावध होतो.

बुटक्या गोलपोस्टांचंही तसंच. रागावण्याआधी टेप घेऊन मैदानावर जा. पूर्ण मापाचा गोल आतून आत 7.32 मीटर रुंद अन् जमिनीपासून आडव्या दांडीच्या खालच्या कडेपर्यंत 2.44 मीटर उंच. तुमचा गोल मापात असेल तर टेप लावलेला फोटो त्याला पाठव. नसेल, अन् मला वाटतं नसेलच, कारण बांबूचे खांब दर पावसाळ्यात काळ्या मातीत वीतभर खाली जातात, तर त्याचं म्हणणं खरं आहे अन् तुझ्या पोट्ट्यांना जिल्ह्याच्या स्पर्धेत जाऊन उंच गोल पाहून घाम फुटण्याचं कारणही तेच आहे. आपल्या गोलवर ज्याचा हात दांडीला पोचतो, त्याच्या डोक्यावरून तिथं बॉल आत जातो.

लिंबाचं तर काय बोलावं. पाहुण्याला पाणी देऊन आपण लिंबू चोखायचं? विदर्भात?

इटलीचं उदाहरण तू दिलंस, ते वाचून बरं वाटलं, पोट्टे काहीतरी वाचतात. पण पूर्ण आठव. स्पेनमधल्या त्या वर्ल्ड कपात इटलीनं पहिले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले. पोलंडशी 0-0, पेरूशी 1-1, कॅमेरूनशी 1-1. कॅमेरूनचेही तिन्ही बरोबरीतच, पण इटलीचा एक गोल जास्त, म्हणून ते पुढे गेले. त्यांच्या पेपरांनी त्यांना सोलून काढलं, बोनसवरून, खासगी गोष्टींवरून. पाओलो रॉसी सट्टेबाजीच्या प्रकरणातल्या दोन वर्षांच्या बंदीनंतर नुकताच परतला होता, त्याला कशाला खेळवता म्हणून प्रशिक्षक बेअरझोटवर तोफा. तेव्हा टीमनं तोंड शिवलं. बोलायचं ते 40 वर्षांचा कप्तान दिनो झोफ, तेवढा एकटाच. मग अर्जेंटिना 2-1, ब्राझीलविरुद्ध 3-2 अन् तिन्ही गोल रॉसीचे, पोलंड 2-0, फायनलला पश्चिम जर्मनी 3-1. रॉसीचे सहा गोल, सगळे शेवटच्या तीन सामन्यांत.

गोष्ट झकास आहे, मीही पोरांना सांगत आलो. पण त्यांनी तोंड शिवलं तरी दुसऱ्या दिवशी इटलीतल्या प्रत्येक पेपरची पानं त्यांच्याच बातम्यांनी भरणार होती. तुम्ही तोंड शिवलं तर तुमच्या जागेवर सोयाबीनच्या बियाण्याची जाहिरात येईल अन् संपादक खूश होईल, तिचे पैसे मिळतात. मौन हे ज्याच्या बोलण्याची लोक वाट पाहतात त्याचं हत्यार आहे. आपल्या टीमनं गेल्या चार वर्षांत बोललेलं एक तरी वाक्य कुठं छापून आलं आहे काय? जे कधी बोललंच नाही ते बंद कसं करणार?

अन् तुझं खरं दुखणं मला इथंच दिसतं. तो वाईट लिहितो हा त्रास आहेच. पण त्याच्याशिवाय तुमच्याबद्दल कोणी काही लिहीतच नाही, म्हणून त्याचा प्रत्येक शब्द तुला काळजात लागतो. दहा जण लिहिणारे असते तर अकराव्या शिवराळ माणसाकडे तू ढुंकून पाहिलं नसतंस. पॅरिसमध्ये 1998 ला फ्रान्सचा प्रशिक्षक एमे जाकेला तिथल्या खेळाच्या सगळ्यात मोठ्या दैनिकानं वर्ल्ड कपच्या आधी महिनोन्‌महिने झोडपलं. त्यानं कप जिंकला अन् सांगून टाकलं की मी यांना माफ करणार नाही, अन् दैनिकाच्या संपादकाला चूक कबूल करावी लागली. ठीक आहे, पण तिथं कप होता. आपल्याकडे कप नाही, सुतळीचा बूट आहे. आपल्याला वेगळं काहीतरी करावं लागेल.

विदर्भाच्या क्रिकेटचं पाहा. 1957-58 मध्ये विदर्भ रणजीत उतरला. कित्येक वर्षं मुंबई-पुण्याकडचे लोक आपल्याला लिंबू-टिंबू समजायचे, अन् खरं सांगतो, नागपुरातही आपल्या टीमवर काही कमी लिहिलं गेलं नाही. मी स्वतः लिहिलं. 1 जानेवारी 2018 ला इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं, रजनीश गुरबानीची फायनलमधली हॅटट्रिक, अन् पहिला रणजी करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा, मग 2025 मध्ये तिसरा. पण त्या 60 वर्षांत एक गोष्ट सतत चालू होती. आपण हरलो तरी धावफलक छापून येत होता. कोणी किती केल्या, कोणी किती घेतल्या. क्रिकेटमध्ये स्कोअरर बसतो, वही असते, अन् वही असली की हरलेल्या माणसाचीही नोंद राहते. खेड्यातल्या फुटबॉलचं काय? "तीन-एकनं जिंकलो", संपलं. तुमची टीम कोणत्या साली सुरू झाली? पहिला कप्तान कोण? मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गोल कोणाचे? पानठेल्यावर विचारलं तर चार उत्तरं येतील अन् एक भांडण.

तेव्हा एक वही घे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. ती तू ठेवू नको, तू मॅच चालू असताना उड्या मारतोस, तुझ्या अक्षराचा भरवसा नाही. कोणाची तरी बहीण अकरावी-बारावीत असेल, तिला दे. रेषेजवळ खुर्ची अन् छत्री दे. दोन्ही संघांची नावं, मिनिट, गोल, पास, कार्ड, बदली खेळाडू. पहिले दोन सामने गोंधळ होईल.

अन् मग बातमी. तुमच्या ग्रुपवरचा एक मेसेज तू नमुन्याला पाठवला आहेस: "आज आपल्या वाघांनी तुफानी खेळ करत समोरच्या टीमची अक्षरशः धूळधाण उडवली, सर्व खेळाडूंचे मनःपूर्वक अभिनंदन, जय विदर्भ" अन् त्याखाली ओळीनं जोडलेले हात. यातून मला कळलं काय? काहीच नाही. सामना कुठं झाला, केव्हा झाला, कोणाशी झाला, गोल कोणी केला, पत्ताच नाही. वार्ताहरानं यातून काय काढायचं? हेच असं लिहून पाहा:

"येथील जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर रविवारी झालेल्या सामन्यात यजमान संघाने पाहुण्यांवर 2-1 अशी मात केली. 23व्या मिनिटाला कॉर्नरवर आघाडीच्या खेळाडूने डोक्याने पहिला गोल केला. मध्यंतरानंतर पाहुण्यांनी पेनल्टीवर बरोबरी साधली. सामना संपायला सहा मिनिटे असताना यजमानांनी डाव्या बगलेतून चढाई करत विजयी गोल नोंदवला. पाहुण्या संघाच्या गोलरक्षकाने चार निश्चित गोल वाचवले. मैदानावर पाणी साचल्याने सामना 40 मिनिटे उशिरा सुरू झाला."

खेळाडूंची नावं तुम्ही भरा, शुद्धलेखन तपासून. शेवटची दोन वाक्यं पाहिलीस? एकात समोरच्या टीमचं कौतुक आहे, दुसऱ्यात आपली अडचण आपणच सांगितली आहे. ही दोन वाक्यं असली की वाचणारा बाकीच्या चारांवर विश्वास ठेवतो. सोबत एक आडवा फोटो, ज्यात बॉल दिसतो. ओळीत उभं राहून अंगठे दाखवणारा नको. संध्याकाळी सातच्या आत तालुक्याच्या वार्ताहराला, एकाला नाही, जितके पेपर आहेत तितक्यांना. पानं लावणाऱ्या उपसंपादकाला आयता मजकूर मिळाला की तो देवाचे आभार मानतो. पहिल्या तीन वेळा छापून येणार नाही. चौथ्यांदा पान सातवर कोपऱ्यात येईल, नाव चुकीचं असेल. तरी पाठवत राहायचं.

त्या शुक्रवारवाल्यालाही पाठव. चिडून नको, नेमानं. मी म्हटलं ना, झोडपायला तपशील लागत नाही म्हणून माणूस झोडपतो. तपशील आयता हाती आला तर निम्मे लोक सुधारतात. हा सुधारेल याची हमी मी देत नाही, स्वभावाला औषध नसतं, अन् काही लोकांचं नाक जन्मतःच मुरडलेलं असतं.

त्याला बोलवायचं काय? बोलाव. 2018 च्या जूनमध्ये मुंबईत भारतानं चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, सुनील छेत्रीची हॅटट्रिक, अन् स्टेडियममध्ये जेमतेम अडीच हजार माणसं. तेव्हा छेत्रीनं व्हिडिओ करून हात जोडले होते. शिव्या द्यायच्या तर द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, अशा अर्थाचं बोलला. पुढच्या केनियाच्या सामन्याला, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात स्टेडियम भरलं अन् त्यानं दोन गोल केले. देशाच्या कप्तानाला शिव्या चालत होत्या, रिकाम्या खुर्च्या चालत नव्हत्या. तुमचा माणूस तर न बोलावता येतो! बोरीच्या झाडाखाली एक खुर्ची टाक. सत्कार करू नको, शाल-नारळ तर बिलकुल नको, नाहीतर पुढच्या शुक्रवारी तो "मला विकत घ्यायचा प्रयत्न" म्हणून लिहील. चहा दे अन् आपल्या कामाला लाग.

"मातीतला खेळ" यावर तुझं अर्धं पान खर्ची पडलं आहे. मी तेवढी शाई घालणार नाही. कबड्डी मातीतली, मान्य; अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं ती 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनांना खेळून दाखवली, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण क्रिकेट काय पवनारला धाम नदीच्या काठी उगवलं होतं? कामठीत पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल चालतो. नागपुरात विजय बारसे नावाच्या क्रीडा शिक्षकांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली अन् 2001 पासून त्यातून स्लम सॉकर उभं केलं. हे एवढं त्याला कळवायला हरकत नाही. पण त्या एका वाक्यावर वाद घालत बसलास तर तो पुढचे सहा शुक्रवार त्यावरच काढेल, त्याला विषय हवाच असतो.

पेपर बंद करायचा म्हणतोस, कर, तुझे पैसे आहेत. पण मग तुझी दुरुस्ती छापून आलेली तू वाचणार कुठं?

राहिला बडग्या. मारबत माझ्या जिव्हाळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत मी बापाच्या खांद्यावरून गेलो आहे. बडग्या कोणाचा काढतात? महागाईचा काढतात, भ्रष्टाचाराचा, मंत्र्याचा, खंडणीखोराचा. ज्याचा बडग्या निघतो त्याची तेवढी पत असावी लागते. शे-दीडशे घरांत जाणाऱ्या सदराच्या लेखकाचा बडग्या काढलात तर जे लोक त्याला ओळखत नाहीत ते विचारतील, हा कोण बा? मग ते त्याचं सदर शोधून वाचतील. शिवाय त्याच मिरवणुकीत त्याची लहान लेकरं तान्हा पोळा घेऊन निघाली असतील तर? लाकडी बैलाची दोरी हातात धरून पोरगं आपल्या बापाचा पुतळा जळताना पाहील. तुमच्या गोलकीचं जे झालं तेच, फक्त घर वेगळं.

बायकोचं ऐक. तिनं ताट उचलायची धमकी दिली म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेली आहे. शुक्रवारचं सदर शनिवारी सकाळी वाचत जा, जेवण झाल्यावर, अन् एकदाच.

अन् बांबू आणून ठेवलेच आहेत तर वाया घालवू नका. उभ्या खांबांना किमान तीन मीटरचे लागतील, अर्ध्या मीटरपेक्षा जास्त जमिनीत गेले पाहिजेत. काळी माती फुगते-आकसते म्हणून खड्ड्यात तळाला मुरूम अन् दगड ठासा. आडव्याला 7.32 मीटरचा एकसंध सरळ बांबू मिळणं कठीण. दोन जोडाल तर जोड मधोमध घेऊ नका, तिथंच झोल पडतो अन् पुन्हा तो म्हणेल बुटका. एका बाजूला घ्या, वीतभर एकावर एक चढवून तारेनं आवळा. अन् तार बांधायला त्या उजव्या बॅकला बोलवाल तेव्हा येताना त्याच्यासाठी एक लेसची जोडी घेऊन या.

— काकाजी